डब्लिनमधला सोप्पूवाला

डब्लिनमध्ये सोप्पूवाला ओरडला. सोयराबाईंनी आपल्या कानांनी ऐकलं. “सब्बक्की, दंटू, मेंथे… सोप्पू बंतूऽऽ” अशी पालेभाजीवाल्याची हाक, शेवटचा ऊकार ओढत ओढत पार घशात अडकेपर्यंत नेलेला, आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला खोकला. फोनच्या काचेत त्यांचा मुलगा रणवीर बसला होता. मागे पांढरी भिंत, डोक्यावर ट्यूबलाइट. तो सांगत होता की तिकडे अजून उजाडलं नाही, थंडी नुसती मी म्हणतेय, बायको अंजली आणि लेक अक्षरा अजून झोपल्यात. हाक आली तसा त्याचा हात एकदम काचेकडे धावला. ओठ हलत राहिले, आवाज गेला. थोड्या वेळानं आवाज परत आला. “नेटवर्कचं काहीतरी झालं, आई,” तो म्हणाला. “तू बोल. गोळ्या घेतेस ना वेळेवर?”

“घेते,” सोयराबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? पुढे तो अक्षराच्या शाळेचं काही बोलला, कुठल्याशा पावसाचं बोलला, हात हलवला, आणि काच काळी झाली. देखभालीला असलेल्या रम्यानं त्यांच्या खांद्यावरची शाल काढली आणि दारात चाकांच्या खुर्चीत वाट बघणाऱ्या पुढच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकली. ही फोनची शाल. जांभळी, जरीच्या काठाची. या वृद्धाश्रमात ज्याचा फोन येईल त्याच्या अंगावर ती चढायची. त्याआधी तोंडाला पावडर, केसांना पाण्याचा हात, आणि पाठीमागे बाग छापलेला पडदा. सोयराबाई एकदा म्हणाल्याही होत्या, “अगं, सिंगापूरपासून अमेरिकेपर्यंत सगळ्यांच्या आईबापांना एकच शाल? कुणाच्याच कसं ध्यानात येत नाही?” रम्या हसली होती. ती आनेकलकडची, आपल्याच लोकांतली, पण तिचं मराठी निम्मं कन्नड. “अज्जी, जो तो आपल्याच आईला बघतो की! दुसऱ्याच्या आईला कोण बघतंय? स्वल्प मान वर करा.” तेव्हा सोयराबाईही हसल्या होत्या. आज त्या शालीकडे बघून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या मागे पडदा आहे. त्याच्या मागे काय आहे?

खोलीत येऊन त्या खिडकीशी बसल्या. बंगळुरात यशवंतपूरच्या पुढची ही जागा, मागे कारखान्यांचे पत्रे, पलीकडे रूळ. इथे सोप्पूवाला येत नाही, भाज्या टेम्पोतून पोत्यांनी येतात आणि जेवणात सगळ्यांची चव एकच लागते. पण देवाप्पाची हाक त्या झोपेतही ओळखतील. बसवनगुडीत त्यांच्या रस्त्यावर देवाप्पा कधीपासून यायचा म्हणाल, तर रणवीर रांगत होता तेव्हापासून. आधी डोक्यावर पाटी, मग सायकल, मग हातगाडी. बाकीचे भाजीवाले आता रेकॉर्ड केलेली हाक कर्ण्यावर लावून सोडतात, देवाप्पाचा मात्र स्वत:चा घसा. सब्बक्की, म्हणजे शेपू, पहिली, कारण ती लवकर कोमेजते. मेंथे शेवटी. आणि बंतूऽऽ नंतर विडीचा खोकला. त्यांचे यजमान विठोजी हयात असताना ओसरीवर दाढी करत बसायचे आणि म्हणायचे, “सोयरे, तुझा गवई आला बघ.” मग त्या पाटी उतरवून घ्यायच्या, जुडी हातात उलटीसुलटी करायच्या, देठ मोडून बघायच्या, आणि देवाप्पा दर वेळी तेच म्हणायचा, “अक्का, पोरगी बघायला आलात की सोप्पू घ्यायला?” असा आवाज दुसऱ्या कुणाचा असेल? आणि तोही डब्लिनमध्ये, अंधारात, थंडीत? तिथे कुणी सब्बक्की खातं का?

पण मग दुपार झाली आणि त्यांना भीती वाटू लागली. शेजारच्या खाटेवरची कस्तुरी रोज संध्याकाळी उठून दार उघडते. नवरा आलाय म्हणते, जिन्यात खोकला ऐकला म्हणते. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली. सगळ्या बायका तोंडावर पदर धरतात, रम्या तिला हाताला धरून परत आणते आणि आश्रम चालवणाऱ्या मेडम सांगतात, हे असंच सुरू होतं, आधी कान, मग बाकीचं. मागच्या महिन्यात डॉक्टर आला होता. त्यानं सोयराबाईंना विचारलं, आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती. त्यांनी उत्तरं बरोबर दिली आणि वर त्यालाच विचारलं, “तुमच्या आईला विचारता का हे?” तो कसंनुसं हसला. पण त्याच्या कागदावर काय उमटलं, कोण जाणे. आता जर आपण म्हणालो की मुलाच्या परदेशातल्या घरात देवाप्पा ओरडला, तर? कस्तुरीच्या शेजारची खाट आहेच. दोघींनी मिळून दार उघडायचं. नवरा आला, सोप्पू आला! त्यांना स्वत:चाच संताप आला. साऱ्या जन्मात कुणी त्यांच्या कानावर बोट ठेवलं नव्हतं. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर इथून सांगणारी बाई ती, आणि आज स्वत:च्या कानांची साक्ष घ्यायला घाबरते!

मग एकेक गोष्ट वर यायला लागली. गहू पाखडताना खडे येतात तशी. पूर्वी त्याचा फोन संध्याकाळी यायचा, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, मागे खिडकी असायची, खिडकीत काळपट पाऊस. आता काही आठवड्यांपासून सकाळी येतो. का? तर म्हणे कामाच्या वेळा बदलल्या. खिडकी नाही, भिंत. भिंतही अशी की मध्येच तिला वारा लागतो आणि ती हलते. भिंत हलते कधी? चादर असेल. सूनबाई नेहमी झोपलेली, नात नेहमी झोपलेली. थंडी मी म्हणतेय म्हणणारा हा बाबा अंगात साधा सदरा घालून बसलेला. आणि मागच्या रविवारी बोलता बोलता त्यानं फाडकन मानेवर चापट मारली होती. डास! सोयराबाई खाटेवरून जवळजवळ उठल्याच. डास मारला होता मेल्यानं! आणि आपण त्याला म्हणालो, थंडीनं खाजत असेल, अंगाला तेल लाव. आपण बावळट, शंभर टक्के बावळट. हाताचा तळवा त्यांनी खाटेच्या लोखंडावर आपटला. कस्तुरी दचकून म्हणाली, “आले का?” “नाही आले,” सोयराबाई ओरडल्या. “कुणी येत नाही. झोप तू.”

पडून त्यांचा पाय मोडला तेव्हा रणवीर धावत आला होता. पाय बरा होईपर्यंत म्हणून इथे ठेवलं. पाय कधीच बरा झाला. त्या काठी टेकून जिना चढतात, उतरतात. पण दर वेळी काहीतरी निघतं. घराला रंग द्यायचाय, एकटी कशी राहशील, उन्हाळा जाऊ दे. शेवटी त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. खंडेनवमी. “त्या दिवशी मला घरी ने. एक दिवस. पूजा करते, रात्री परत आणून सोड.” आणि तो म्हणाला होता, “नक्की आई. मी येतोच दसऱ्याला. तुला घरी नेतो. शब्द देतो.”

कारण घरात तलवार आहे. त्यांच्या पूर्वजांनी फौजेबरोबर इकडे येताना आणलेली, असं म्हणतात. खरी किती जुनी ते देवाला ठाऊक. पुढच्या पिढ्यांनी तलवार कमी आणि कात्री जास्त चालवली, विठोजी तर आयुष्यभर चिकपेटेत साड्यांच्या दुकानात घड्या उलगडत उभे. पण वर्षातून एकदा, खंडेनवमीला, लाल फडक्यात गुंडाळलेली ती तलवार खाली यायची. आणि या घराची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या घरात सोयराबाईंनी पाहिली नाही. फडक्याची गाठ घरातली थोरली सून सोडणार. सवाष्ण असो, विधवा असो, ती जिवंत आहे तोवर दुसऱ्या हातानं गाठ सोडायची नाही. सोडली, तर ती गेली असं धरायचं. त्यांच्या सासूबाई, सगुणाबाई, शेवटची काही वर्षं अंथरुणात होत्या. बोलणं गेलेलं, माणूस ओळखत नव्हत्या. तरी नवमीला तलवार त्यांच्या खाटेवर नेऊन ठेवायचे. बोटं थरथरत, गाठ सुटता सुटत नसे, खाली पानं वाढलेली, भात गार, पोरं भुकेनं कळवळलेली, आणि मामंजी हात जोडून उभे. कुणाची टाप नव्हती की “मी सोडते” म्हणावं. त्या गेल्या त्या वर्षी नवमीला मामंजींनी तलवार सोयराबाईंच्या पुढे ठेवली. “डोक्यावरून आंघोळ केलीस ना तिच्या नावानं?” एवढंच विचारलं. गाठ सुटली तेव्हा ते पहिल्यांदा रडले. स्मशानात रडले नव्हते.

पुढचा फोन नवमीच्या आधीच्या रविवारी आला. पावडर, पाणी, शाल. सोयराबाईंनी काचेत डोळे रोखले. पांढरी भिंत हलली. “आई, एक वाईट बातमी,” रणवीर म्हणाला आणि नाकाचा शेंडा चोळला. लहानपणी परीक्षेचा निकाल लपवताना चोळायचा तसाच. “या वर्षी नाही गं जमत. तिकीट मिळत नाही. कामाचा डोंगर. पण नवमीला सकाळी मी फोन करीन, आणि आपण व्हिडिओवरच पूजा करू. माझ्याकडे तलवारीचा फोटो आहे. त्याला हळद लावू.”

“फोटोला?” सोयराबाई म्हणाल्या.

“भावना महत्त्वाची गं आई.”

फोटोला हळदकुंकू कुणाच्या लावतात, हे याला कुणी सांगितलं नाही वाटतं. जिभेवर आलं होतं. देवाप्पाचं नाव आलं होतं, डासाचं आलं होतं. पण रम्या शेजारी उभी, दारात मेडम उभ्या, आणि आपण एक शब्द बोललो की हा तोंड पाडून म्हणणार, आईला भास होतायत, डॉक्टरला दाखवा. आणि सगळे त्याचंच ऐकणार, कारण तो काचेत आहे आणि आपण खुर्चीत. सोयराबाईंनी शालीचा काठ मुठीत आवळला. “बरं,” त्या म्हणाल्या. “किती वाजता करशील फोन?”

नवमीला सकाळी आश्रमाच्या फाटकात ॲम्ब्युलन्स धुऊन उभी होती, तिला केळीचे खांब बांधले होते, झेंडूच्या माळा, आणि पुढे फोडायला कोहळा. सणाच्या दिवशी सोबत माणूस घेऊन देवळात जायची परवानगी असे. सोयराबाईंनी बसवनगुडीच्या दोड्ड गणपतीचं नाव काढलं. मेडम गाड्यांच्या पूजेत गुंतलेल्या. फोन घेऊन जा, मुलाचा फोन चुकायला नको, एवढंच म्हणाल्या. सोयराबाईंनी रम्याला ती शालही घ्यायला लावली. “उन्हात शाल कशाला, अज्जी?” “सांगते ती घे.” रिक्षावाल्यानं पण रिक्षा नवरीसारखी सजवली होती, आरशाला लिंबू-मिरच्या, आणि त्यानं बसल्या बसल्या दोघींच्या हातावर प्रसादाचे चुरमुरे ठेवले. रस्ताभर फुटलेले कोहळे, कुंकवानं लाल झालेलं डांबर. सोयराबाईंच्या मुठीत चुरमुरे तसेच. देवळाची कमान आली तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सांगितलं, पुढे घ्या अण्णा, दुसऱ्या क्रॉसला डावीकडे.

रम्याचे डोळे मोठे झाले. “अज्जी, हे कुठं? मेडम मला काढून टाकतील!”

“मी सांगेन, म्हातारीनं फसवलं म्हणून. खोटं नाही ते.”

“पण तिथं आहे काय?”

“तेच बघायचंय,” सोयराबाई म्हणाल्या. तिथे काहीच नसलं तर? बंद घर, धूळ, आणि आपण काठी टेकून उभ्या. मग या पोरीबरोबर मुकाट्यानं परत जायचं, कस्तुरीच्या शेजारी पडायचं, आणि संध्याकाळी ती दार उघडायला उठली की आपणही उठायचं. मग रणवीर खरा, डॉक्टर खरा, सगळे खरे. देवा गणपती, त्या मनात म्हणाल्या, आणि पुढे काय मागावं ते त्यांना कळेना. मुलगा खोटा निघू दे, हे मागायचं? हे कोणत्या आईनं मागितलंय? आणि ते मागायची वेळ आपल्यावर आणली, या रागानं त्यांच्या मुठीतल्या चुरमुऱ्यांचा चुरा झाला.

घर होतं तसं होतं. लहानसंच, दोन पायऱ्या, लोखंडी जाळीचं फाटक. आंब्याचं तोरण नाही, रांगोळी नाही, बाहेर चपला नाहीत, खिडक्या बंद. कुलूप दारातच बसवलेलं, बाहेरून काही कळायची सोय नाही. दाराच्या चौकटीवर घंटीचं बटण, विठोजींनी चिकपेटेतून आणलेलं. दाबलं की चिमण्या बोलायच्या, आणि शेवटची चिमणी बिघडलेली, ती बराच वेळ किरकिरत राहायची. बदला म्हटलं तर विठोजी म्हणायचे, राहू दे, घर ओळखू येतं.

रम्याच्या हातातला फोन वाजला. सोयराबाईंनी तिला शाल पडद्यासारखी पसरून पाठीमागे धरायला लावली आणि फोन नाकाशी धरला.

“हॅलो आई! ऐकू येतंय? नमस्कार करतो, खंडेनवमीचा.”

“औक्षवंत हो,” त्यांच्या तोंडून गेलंच. सवयीचा त्यांना राग आला.

“किती जवळ धरलायस फोन! नुसतं नाक दिसतंय. आणि आवाज कसले येतायत?”

“गाड्यांच्या पूजा चालल्यात. तू कुठं आहेस?”

“घरी. कुठं जाणार या थंडीत?”

सोयराबाईंनी हात वर केला. बोट बटणावर टेकलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी दाबलं.

दाराच्या आत चिमण्या बोलल्या. आणि अर्ध्या श्वासानं, फोनच्या आत, त्याच चिमण्या पुन्हा बोलल्या. शेवटची किरकिरत राहिली, आधी इथे, मग तिथे. रम्याच्या हातातली शाल खाली आली. सोयराबाईंना पहिल्यांदा आनंद झाला. अगदी खराखुरा आनंद, छातीत मावेना असा. डोकं शाबूत आहे, कान शाबूत आहेत, देवाप्पा ओरडला होता! आणि लगेच तो आनंद त्यांच्या तोंडात कडू झाला. काचेत रणवीर मान वळवून बघत होता.

“थांब हं आई, दारावर कुणीतरी आलंय. कुरिअर असेल.”

“जा, उघड,” त्या म्हणाल्या.

पावलं आली. कडी निघाली. वर इस्त्रीचा सदरा, खाली अर्धी चड्डी, हातात फोन, असा रणवीर दारात उभा राहिला. त्यानं आईकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे, तिथेही तीच. “आई,” तो म्हणाला, आणि ते सोयराबाईंच्या फोनमधूनही ऐकू आलं. मग त्याला बोलणं फुटलं, एकदम, भडाभडा. “मी सांगणारच होतो गं. घर बिल्डरला द्यायचंय, सामान काढायला आलो. तुला बघवलं नसतं. तू रडली असतीस, मला नाही सहन होत तुझं रडणं. थोड्या दिवसांचा तर प्रश्न होता…”

त्या त्याला काठीनं बाजूला सारून आत गेल्या. खोक्यांचे ढीग. दोरीवर वाळत घातल्यासारखी पांढरी चादर, तिच्यापुढे खुर्ची. आठवडाभर त्यांनी शिव्या साठवल्या होत्या, रात्ररात्र जागून एकीवर एक रचल्या होत्या. तोंड उघडलंही होतं. पण चादरीच्या बाजूला जेवणाचं टेबल होतं, टेबलावर निरांजन जळत होतं, आणि पाटावर तलवार होती. उघडी. पात्यावर ओली हळद, मुठीला झेंडू. शेजारी लाल फडकं, नीट चौकोनी घडी घातलेलं.

“बघ, पूजा चुकवली नाही मी,” रणवीर मागून म्हणाला. आवाजात लहानपणीची शाबासकी मागणारी लाडीगोडी होती. “व्हिडिओवर तुला सरप्राइज देणार होतो. म्हणजे, फोटो आहे असं सांगून ही खरीच दाखवणार होतो. सगळं तुझ्यासारखं केलं. शेजारच्या नरसिंह मामांनी सांगितलं ते ते केलं.”

सोयराबाईंनी फडकं उचललं. इतकी वर्षं गाठ एकाच जागी बसून कापडावर चुण्या पडल्या होत्या, त्या बोटांना लागल्या. निरांजनाच्या उजेडात रणवीरचे केस चमकत होते, त्यातून पाणी सदऱ्याच्या कॉलरवर उतरत होतं.

“गाठ तू सोडलीस?” त्यांनी विचारलं.

“हो. म्हणजे… तू नव्हतीस ना.”

“आंघोळ करून?”

“अगदी डोक्यावरून, आई,” तो घाईनं म्हणाला. “आधी आंघोळ, मगच हात लावला.”

सोयराबाईंनी फडक्याची घडी मोडली, ते झटकलं आणि त्याच्या ओल्या डोक्यावर टाकलं.

“पूस,” त्या म्हणाल्या. “ती आंघोळ माझ्या नावानं केलीस.”